तिसऱ्या मेमरीतला आकडा

आमच्या कंपनीत प्रोग्रॅम होणारा कॅल्क्युलेटर एकच होता आणि जीपमध्ये त्याला पुढची सीट मिळायची. मागं आम्ही डिप्लोमावाले, कोन मोजायच्या थिओडोलाइटची पेटी, त्याचं स्टँड, खुंट्यांचं पोतं आणि दुपारचे डबे. पुढं ड्रायव्हरशेजारी, टॉवेलात गुंडाळलेला तो. साहेबांच्या मेहुण्यानं मस्कतहून आणलेला. साहेबांनी तो पहिल्यांदा टेबलावर ठेवला तेव्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "माणसं मला पेपरात जाहिरात देऊन मिळतात. हा मिळत नाही." आम्ही हसलो. पगार त्यांच्याच हातात होता, न हसून कुणाला सांगता.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. न्हावा शेव्याला बंदर व्हायचं होतं आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा आमच्याकडे होता. ऑफिस बेलापूरला, एका नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर, जिथं लिफ्टची जागा होती पण लिफ्ट नव्हती. साइट खाडीच्या बाजूला, मिठागरांच्या मधून. डोंगर फोडून आणलेला मुरूम चिखलात ओतायचा, तो खाली बसायचा, पुन्हा ओतायचा. मी बीडकडचा. आमच्याकडं पाणी नाही म्हणून रडायचे. इथं पाणी हटत नाही म्हणून रडायचे. नवीन पनवेलला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो आणि आलटूनपालटून खिचडी करायचो.

त्या यंत्राचं मला किती अप्रूप होतं हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. मी शिकलो लॉगटेबलवर. पुस्तकाची पानं उलटून उलटून कोपरे काळे झालेले, एक आकडा चुकला की खालचं सगळं चूक, आणि मास्तर म्हणणार, पुन्हा करा. रस्त्याचं वळण जमिनीवर उतरवायचं म्हणजे ठरावीक अंतरावर खुंट्या मारायच्या आणि प्रत्येक खुंटीसाठी वेगळा कोन काढायचा. एका वळणाची आकडेमोड करण्यात सकाळ जायची. आणि हे यंत्र! एकदा त्याला रीत शिकवली की फक्त अंतर घालायचं, एक बटण दाबायचं. पडदा क्षणभर कोरा व्हायचा, जणू विचार करतोय, आणि कोन यायचा. तो कोरा क्षण मला फार आवडायचा. आता फोनमध्ये सगळं असतं आणि काहीच थांबत नाही.

रीत शिकवायची, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा, हे मात्र सोपं नव्हतं. पायऱ्या मोजक्याच. लांबण लावणाऱ्या माणसाचं तिथं काम नाही. मी पहिला प्रोग्रॅम लिहिला तो कोनापर्यंत पोचायच्या आतच जागा संपली. ऑफिसात आकडेमोडीच्या टेबलावर जी मुलगी बसायची तिनं तो कागद घेतला, पेन्सिलनं तीनचार ठिकाणी काट मारली, आणि दुपारी तोच प्रोग्रॅम यंत्रात बसवून वर जागा उरवून दाखवली. "तुम्ही एकच गोष्ट दोनदा विचारता त्याला," ती म्हणाली. मला राग आला. आठवडाभर मी तो राग जपला, कारण दुसरं काही जपायची तेव्हा हिंमत नव्हती.

तिचं नाव इथं लिहीत नाही. तेव्हाही मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. सगळे मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचो. तीही माझ्यासारखीच डिप्लोमा होती, माझ्या आधी लागलेली. वडील बेलापूरलाच सरकारी कचेरीत क्लार्क, मूळचे खेडकडचे.

आमचं काम असं चालायचं. सकाळी ती ऑफिसात यंत्र घेऊन बसायची आणि माझ्या दुपारच्या वळणाची तयारी करायची. पहिल्या मेमरीत वळणाची त्रिज्या, दुसऱ्या मेमरीत वळण जिथं सुरू होतं तिथलं अंतर. यंत्र बंद केलं तरी आकडे आत राहायचे. मग जीप ते घेऊन साइटवर यायची. दुपारभर मी उन्हात उभा राहून कोन काढायचो, आणि संध्याकाळी जीप ते परत ऑफिसात न्यायची. म्हणजे दिवसातून दोनदा ते तिच्या हातून माझ्या हाती आणि माझ्या हातून तिच्या हाती जायचं. आम्ही दोघं भेटायचो फक्त शनिवारी, साइटची मापं द्यायला मी ऑफिसात यायचो तेव्हा.

मेमऱ्या आणखीही होत्या, पण तिसरीपासून पुढच्या आमच्या प्रोग्रॅमला लागत नव्हत्या. एकदा घामानं बोट घसरलं आणि तिसरीचं बटण दाबलं गेलं. पडद्यावर आलं 5.35. मी चक्रावलो. ही कुठली दुरुस्ती? लेव्हलमध्ये मिळवायची की वजा करायची? सगळा प्रोग्रॅम कागदावर उतरवून बघितला, कुठंच बसेना. शनिवारी तिला विचारलं.

"बस," ती म्हणाली. "पनवेलची थेट बस किती वाजता, असं तुम्ही मागच्या शनिवारी शिपायाला विचारत होतात."

"मग चिठ्ठी पाठवायची."

"चिठ्ठी चार जण वाचतात. आणि आमच्याकडं शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात."

आमच्याकडंही देत नाहीत. मग मी कसा रिकामं देणार? सोमवारी संध्याकाळी मी तिसऱ्या मेमरीत मिठागरातले बगळे मोजून घातले. दुसऱ्या दिवशी त्या आकड्यात अर्धा वाढून आला. पुढच्या शनिवारी कळलं की एखादा मान खाली घालून उभा असेल, तो तुम्ही धरला नसणार, असा तिचा हिशेब होता.

असं सुरू झालं. जीप चिखलात किती वेळा रुतली हे मी पाठवायचो. साहेबांनी किती चहा घेतले हे तिच्याकडून यायचं. कधी भरतीची वेळ, कधी नुसता एक. एक म्हणजे आज काही विशेष नाही, पण आहे मी. टेलिफोन होता, पण तो साहेबांच्या केबिनमध्ये, आणि बोलताना साहेब समोरून आपल्या तोंडाकडं बघत बसायचे. यंत्राच्या आत कुणी बघत नव्हतं. जीपचे ड्रायव्हर उरणकडचे, वयानं मोठे. त्यांना तेवढा वास लागला होता. टॉवेल सोडताना एकदा म्हणाले, "या डब्यात काय पाठवता रं तुमी? नवी नवरी पन एवडी जपून आनली नाय कुनी." माझे कान लाल झाले असणार, कारण ते बराच वेळ हसत होते.

आता मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, आमच्यात आडवं असं काहीच नव्हतं. तिच्या घरीही बुद्धवंदना, माझ्याही. कोकणातले आणि देशावरचे हा फरक, तो काय, भाकरी आणि भाताचा. दोघांना नोकरी. कुणी रागावणारं नाही, कुणी पळून जायचं नाही. फक्त मी एकदा त्यांच्या घरी जाऊन तिच्या वडिलांसमोर बसायचं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझे कितीतरी महिने गेले. शेवटी एका शनिवारी, नसलेल्या लिफ्टच्या शेजारी जिन्यात, मी विचारलं, "घरी येऊन तुमच्या वडिलांना भेटलो तर चालेल?"

तिनं एक पायरी वर चढून पुन्हा खाली येऊन मग उत्तर दिलं. "बाबांना विचारते. ते सांगतील त्या रविवारची तारीख तिसरीत टाकते."

"आणि नको म्हणाले तर?"

"मग भांडं रिकामं येईल. समजून घ्या," ती म्हणाली, आणि हसली. ती हसली म्हणजे नको म्हणणार नाहीत एवढं मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. खोलीवर गेल्यावर मी खिचडी करायची पाळी नसताना केली.

सोमवारी काही आलं नाही, नेहमीचा एक आला. मंगळवारी एक. बुधवारी साइटवर धावपळ होती, कारण मोठ्या कन्सल्टंटकडचे लोक पुलाचं काँक्रीट बघायला येणार होते. यंत्र यायला दुपार टळून गेली. मी टॉवेल सोडला, यंत्र सुरू केलं, तिसरीचं बटण दाबलं.

शून्य.

मी यंत्र बंद करून परत सुरू केलं. शून्यच. मग बांधावर जाऊन उभा राहिलो. भरती येत होती आणि आम्ही सकाळी मारलेल्या खुंट्यांच्या मुळाशी पाणी लागत होतं. मला आठवतं ते एवढंच, की मला कुणाचाही राग आला नाही. तिच्या वडिलांचाही नाही. एवढ्या चांगल्या मुलीला मुरमात उभा राहणारा माणूस नको, हे मला लगेच पटलं. नकार असा चटकन पटणं हा आमच्यासारख्यांचा जुना रोग आहे. कुणी दार लावायच्या आधीच आम्ही उंबऱ्यावरून परत फिरतो.

शून्याला उत्तर काय पाठवणार? मी यंत्र तसंच टॉवेलात बांधून परत दिलं.

एकदा विचारून उत्तर मिळालं, आता पुन्हा विचारणं म्हणजे त्रास देणं, असं मी ठरवलं. शनिवारची मापं मी दुसऱ्याच्या हाती पाठवायला लागलो. साहेबांना सांगून शेव्याच्या कॅम्पवर राहायला गेलो. मध्ये एकदा ऑफिसात जावंच लागलं. ती टेबलावरून उठली, दारापर्यंत आली, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती काही बोलेल. तिला वाटलं असेल मी बोलेन. शेवटी तिनं विचारलं, "नव्या वळणाचे कोन नीट येतायत का?" मी म्हटलं, "येतायत." यंत्र रोज येत होतं, जात होतं. पहिलीत त्रिज्या, दुसरीत अंतर, बिनचूक. तिसरीत शून्य.

पाऊस गेला, आणि ऑफिसच्या नोटीस बोर्डवर तिच्या लग्नाची पत्रिका लागली. मुलगा नाशिकचा. सगळे गेले. मी त्या दिवशी रस्त्याखालच्या मोरीचं काँक्रीट लावून घेतलं. ते दुसऱ्या दिवशीही चाललं असतं.

त्यानंतरची गोष्ट. साइटच्या दुसऱ्या टोकाला आमची पत्र्याची लॅब होती. पुलात ओतलेल्या काँक्रीटचेच ठोकळे बनवायचे, पाण्याच्या टाकीत ठेवायचे, आणि ठरल्या दिवशी दाबाच्या मशीनमध्ये घालून फोडायचे. किती दाबाला फुटले त्यावरून पुलाची ताकद कळते. त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. लॅब सांभाळणारे काका तिथल्याच गावातले, फार टापटिपीचे. त्या दिवशी मी लॅबमध्येच होतो आणि यंत्र माझ्यापाशी होतं. क्यूब फुटले, काकांनी सरासरी काढायला यंत्र मागितलं. त्यात सरासरीची वेगळी सोय होती. ती मीच त्यांना मागं शिकवली होती. आधी सगळ्या मेमऱ्या साफ करायच्या आणि मगच आकडे घालायचे, नाहीतर जुना कचरा बेरजेत येतो, हेही मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. काकांनी तसंच केलं. उत्तर उतरवून घेतलं. मग पुन्हा एकदा सगळं साफ केलं, यंत्र स्वतःच्या बनियनला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"शेवटी कशाला साफ केलंत?" मी सहज विचारलं.

"दुसऱ्याचा मशीन हाय सायेब. आपला आकडा कशाला ऱ्हाऊ द्याचा त्यान?"

"नेहमी असंच करता?"

"मना नेमी कुटं मिलतोय? येकदाच मिलाला व्हता. ते मोटं सायेब लोक काँक्रीट बघाला आलं व्हतं ना, त्या दिसाला. घाई व्हती, म्हनून जीप आदी हिकरं थांबवली. तवा पन असाच पुसून दिलता."

मी क्यूबच्या टाकीच्या काठावर बसलो. काकांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं ऊन लागलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आणि आम्ही दोघं, ज्यांना यंत्राचा कण न् कण पाठ, रिकामी मेमरी नेहमी शून्यच दाखवते हे ज्यांना झोपेतही सांगता आलं असतं, आम्ही नकारासाठी नेमकं शून्य निवडलं होतं. एखाद्या अडाणी माणसानंही चिठ्ठी लिहिली असती.

त्या बुधवारी रस्ता वळणावर असता तरी निभावलं असतं. वळण असतं तर मी प्रोग्रॅम चालवला असता, त्रिज्याच नाही म्हटल्यावर कोन आलाच नसता, आणि कुणीतरी सगळंच पुसलंय हे मला तिथल्या तिथं कळलं असतं. पण आदल्या दिवशी वळण संपलं होतं. पुढं रस्ता सरळ होता. सरळ रस्त्याला आकडेमोड लागत नाही.

हे कळून करायचं काय होतं? ती नाशिकला. मी कुणाला सांगितलं नाही. लॅबवरून जाताना टाकीकडं बघायचं टाळायचो.

मग काही वर्षांनी, दशक संपत आलं होतं तेव्हा, बेलापूरच्या बस स्टॉपवर ती दिसली. माहेरपणाला आली होती. हाताशी लहान मुलगी, तिला बर्फाचा गोळा हवा होता आणि तो मिळणार नव्हता, म्हणून ती पाठ फिरवून उभी. आम्ही एकमेकांना बरं आहे ना विचारलं. ती आता तिकडच्या पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हे शिकवत होती. मुलांना सगळ्यांना ती यंत्रं मिळतात म्हणाली, पण पायऱ्या वाचवायची कुणाला गरज वाटत नाही. मी माझ्या कामाचं सांगितलं. मग बोलायचं संपलं, आणि बस येईना.

"बाबा कधीतरी तुमची आठवण काढतात," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "त्या रविवारी त्यांनी शेजारून दोन खुर्च्या आणल्या होत्या. आमच्याकडं तेव्हा नव्हत्या ना. संध्याकाळी परत देताना शेजारच्या काकूंनी विचारलं, पाहुणे आले नाहीत का."

"कुठल्या रविवारी?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "तारीख टाकली होती मी."

"मला शून्य आलं."

"शून्य तुम्ही पाठवलंत. मला वाटलं, वाचून पुसलंत, कुणी बघू नये म्हणून. वळण संपलं म्हणून बाकीचंही पुसलंत."

"नाही. माझ्याकडं आलं तेच शून्य."

तिचे डोळे जरा वर लागले होते. प्रोग्रॅममधली चूक शोधताना ती तसंच बघायची. त्या नजरेसाठी मी काय काय दिलं असतं, आणि ती आता मिळाली होती, बस स्टॉपवर.

"त्या दिवशी क्यूब फोडले होते?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. मला जे कळायला एक अख्खं वर्ष आणि काकांची बनियन लागली, ते तिनं उभ्या उभ्या काढलं.

"सात दिवसांचे की अठ्ठावीसचे?"

"अठ्ठावीसचे."

"पास झाले?"

"झाले. सगळे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मुलीचा फ्रॉक मागून नीट करत खाली वाकली. ती बराच वेळ वाकूनच होती. बस आली तेव्हा तिनं मुलीला आधी चढवलं. खिडकीतून मुलीनं हात हलवला, तिनं नाही.

तारीख कुठली होती हे विचारायचं राहिलं. त्या महिन्यात एकाहून जास्त रविवार उरले होते आणि कुठला ते मला अजून माहीत नाही. रविवारी सकाळी मी आजही लवकर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. घरातले विचारतात, कुठं जायचंय का. मी म्हणतो, नाही, कुठं नाही.